युनियनने तुमची तक्रार अर्ध्यावर सोडली तर: अमेरिकेतल्या मराठी कामगारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

2024 साली गणपती शनिवारी बसले, 7 सप्टेंबरला. आरती झाल्यावर एक मैत्रीण मला बाजूला घेऊन गेली आणि पर्समधून एक पाकीट काढलं. आत तिच्या युनियनचं पत्र होतं: तुम्हाला कामावरून काढल्याची तक्रार आम्ही लवादाकडे नेणार नाही. पत्र तिला 5 मार्चला मिळालं होतं. युनियनविरुद्ध दाद मागायची सहा महिन्यांची मुदत 5 सप्टेंबरला संपली होती. दोन दिवस. तिने मधल्या काळात युनियनच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि उत्तराची वाट पाहत होती. तिला वाटलं, उत्तर येईपर्यंत घड्याळ थांबलेलं असणार.

घड्याळ थांबत नाही. हा लेख त्यासाठी.

मी न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि बरीच वर्षं आमच्या युनियनची डेलिगेट आहे. काही ठिकाणी याच कामाला स्टुअर्ड म्हणतात. वकील नाही. पण लोकांच्या तक्रारी लिहिल्या आहेत, व्यवस्थापनासमोर मांडल्या आहेत, आणि काही वेळा 'ही पुढे जाणार नाही' हे सांगायची पाळीही माझ्यावर आली आहे. आपली माणसं तीन ठिकाणी हमखास चुकतात: युनियनच्या कर्तव्याचा अर्थ चुकीचा लावतात, युनियनला पुरावा देतच नाहीत, आणि तारीख चुकवतात.

आधी हक्क कोणता, ते नीट समजून घ्या

भारतात एका कारखान्यात दोन-तीन युनियन असतात; एकीने ऐकलं नाही तर माणूस दुसरीकडे जातो. अमेरिकेत तसं नाही. एका विभागातल्या (म्हणजे एकाच करारात मोडणाऱ्या गटातल्या) कामगारांनी बहुमताने निवडलेली एकच युनियन सगळ्यांच्या वतीने बोलते. वर्गणी न भरणाऱ्यांच्याही वतीने. तुम्हाला दुसरी युनियन गाठता येत नाही. म्हणून कायदा त्या एकमेव युनियनवर बंधन घालतो: सर्वांचं न्याय्य प्रतिनिधित्व करा.

या बंधनाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या व्हाका विरुद्ध साइप्स खटल्यात घालून दिली. युनियनची वागणूक मनमानी, भेदभावाची किंवा अप्रामाणिक हेतूची असेल तरच कर्तव्यभंग. तुमची तक्रार लवादापर्यंत नेलीच पाहिजे, असा हक्क त्याच निकालाने नाकारला. पुढे 1990 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की निव्वळ निष्काळजीपणा म्हणजे कर्तव्यभंग नव्हे.

व्यवहारात याचा अर्थ असा. डेलिगेटने कागद वाचले, साक्षीदाराशी बोलली, वकिलाचं मत घेतलं आणि 'केस कमकुवत आहे' असं कारण देऊन थांबली, तर तिचं मत चुकलेलं असलं तरी कर्तव्यभंग होत नाही. पण तुम्हाला एकदाही फोन न करता, फाइल न उघडता, काहीही कारण न देता तक्रार सोडून दिली, तर ती मनमानी. आणि तुम्ही गेल्या निवडणुकीत अध्यक्षांच्या विरोधी पॅनेलमधून उभे राहिलात म्हणून तुमची तक्रार अडवली, पण अगदी तशीच दुसऱ्याची लवादाकडे नेली, तर तो अप्रामाणिकपणा.

'युनियनने मला जिंकून दिलं नाही' ही तक्रार होऊच शकत नाही. 'युनियनने माझ्या प्रकरणाकडे प्रामाणिकपणे पाहिलंच नाही' ही होऊ शकते. पुढची सगळी तयारी या दुसऱ्या वाक्यासाठी करायची आहे.

टप्पा 1: तुमचं दार कोणतं ते ठरवा

हे काम दहा मिनिटांचं आहे, तरी लोक चुकीच्या कार्यालयात अर्ज देऊन महिना घालवतात.

खासगी रुग्णालय, गोदाम, कारखाना, हॉटेल, खासगी विद्यापीठ: तुमचं दार राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ, म्हणजे एनएलआरबी. मुदत सहा महिने. टपाल खात्याचे कर्मचारी केंद्र सरकारचे असले तरी त्यांच्यासाठीही हेच दार आहे.

न्यू जर्सीतली सरकारी शाळा, काउंटी, नगरपालिका, राज्य सरकार: सरकारी नोकऱ्यांतले कामगार तंटे पाहणारा राज्याचा पर्क हा आयोग. मुदत सहा महिने. न्यूयॉर्कमधल्या सरकारी आणि महापालिकेच्या नोकऱ्यांत मात्र फक्त चार महिने मिळतात. हडसन नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत राहून पलीकडे न्यूयॉर्कमध्ये सरकारी नोकरी करणारे इथेच फसतात. राहता कुठे याला महत्त्व नाही, कोणाची नोकरी करता याला आहे.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एफएलआरए हे वेगळं प्राधिकरण आहे. रेल्वे आणि विमान कंपन्या वेगळ्याच कायद्याखाली येतात. तिथे एनएलआरबी नाही, थेट फेडरल न्यायालय.

पुढचं सगळं मी खासगी नोकरी धरून लिहिते आहे. पहिले सहा टप्पे सर्वांनाच उपयोगी पडतील.

इथे थांबून तपासा: तुम्ही त्या युनियनच्या विभागात खरोखर मोडता का? सुपरवायझर मोडत नाहीत. कन्सल्टन्सीमार्फत आलेला कंत्राटी माणूस बहुधा मोडत नाही. प्रोबेशनवरच्या माणसाला काढल्यास तक्रार करता येणार नाही, असं कलम युनियन आणि मालक यांच्यातल्या पुष्कळ करारांत असतं. ते तुमच्या करारात आहे का ते वाचा.

टप्पा 2: कराराची प्रत हातात घ्या आणि तारखा लिहून काढा

दहा-बारा वर्षं नोकरी केलेली माणसं मला सांगतात की त्यांनी करार कधी पाहिला नाही. ज्याच्या हक्कांवर त्या कराराचा थेट परिणाम होतो, त्याने मागितल्यावर युनियनने प्रत द्यायलाच हवी. 1959 च्या कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. ईमेलने मागा.

प्रत मिळाली की तीन कलमं शोधा. तक्रार, म्हणजे ग्रीव्हन्स, किती दिवसांत नोंदवायची. प्रत्येक पायरीवर व्यवस्थापनाने किती दिवसांत उत्तर द्यायचं आणि उत्तरानंतर युनियनने किती दिवसांत पुढची पायरी गाठायची. आणि लवादाची मागणी किती दिवसांत करायची. काही करारांत पहिली मुदत पाच-सात दिवसांचीच असते. हे दिवस कॅलेंडरचे की कामाचे, तेही पाहा.

खबरदारी: कराराची मुदत दिवसांत मोजायची असते, कायद्याची महिन्यांत. 'सहा महिने आहेत ना हातात' म्हणून ग्रीव्हन्स लांबवली, तर पहिलीच पायरी हुकते. मग युनियनची इच्छा असूनही ती काही करू शकत नाही.

टप्पा 3: एचआरने खोलीत बोलावलं, तेव्हा

कारवाईची शक्यता असलेल्या चौकशीत युनियनचा प्रतिनिधी सोबत असण्याचा हक्क 1975 च्या वाइनगार्टन निकालाने दिला. पण तो मागावा लागतो. हा हक्क तुम्हाला आहे हे सांगायचं बंधन व्यवस्थापनावर नाही. एक वाक्य पाठ करून ठेवा: या बैठकीतून माझ्यावर कारवाई होऊ शकत असेल, तर माझा युनियन प्रतिनिधी येईपर्यंत मी प्रश्नांची उत्तरं देणार नाही. शांतपणे म्हणा. खोलीतून उठून जाऊ नका.

आपल्याकडची एक सवय इथे नडते. साहेब समोर बसले की आपण 'सॉरी' म्हणून मोकळे होतो. चूक आपली नसली तरी. घरात हे चालतं. पण त्या खोलीत उच्चारलेलं 'सॉरी' टिपणात 'चूक कबूल केली' असं उतरतं, आणि मग तेच टिपण डेलिगेटच्या हातात पडतं. मी स्वतः अशी टिपणं वाचून कपाळाला हात लावला आहे.

राजीनामा देऊ नका. 'राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील' असं सांगितलं तरी आधी युनियनशी बोला. 'लास्ट चान्स ॲग्रीमेंट', म्हणजे नोकरीची शेवटची संधी देणारा, कागद पुढे आला तर सही करण्याआधी प्रत घ्या. त्यात पुष्कळदा पुढे ग्रीव्हन्स करण्याचा हक्कच सोडून दिलेला असतो. आणि कामाचा हुकूम अन्यायाचा वाटला तरी, जिवाला धोका नसेल तर, आधी काम करा आणि नंतर ग्रीव्हन्स करा. हुकूम मोडला की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि अवज्ञेचा नवा आरोप चिकटतो.

टप्पा 4: फाइल आणि वही

या टप्प्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगते, कारण बाकी सगळं यावर उभं राहतं.

एक साधी वही घ्या, पानं शिवलेली, सुटी नव्हेत. घटना घडली त्याच दिवशी लिहा. भावना लिहू नका. वेळ, जागा, माणसं, शब्द लिहा. माझ्या त्या मैत्रिणीवर आरोप होता की रुग्णाचा धोकादायक निकाल तिने वॉर्डला वेळेत कळवला नाही. तिच्या वहीतली नोंद अशी होती:

'मंगळवार 16 जानेवारी. पहाटे 3.40, आयसीयूतला नमुना, हिमोग्लोबिन 5.8. लगेच फोन, उचलला नाही. 3.52 दुसरा फोन. नर्सने आकडा परत वाचून दाखवला. सिस्टिम अडकली होती म्हणून नोंद 4.15 ला टाकली. शेजारच्या बाकावरच्या सहकारीने माझं बोलणं ऐकलं.'

चार-पाच ओळी. त्यात सगळं आहे. आरोप सिस्टिममधल्या 4.15 वर उभा होता. खरा फोन 3.52 चा होता, आणि रुग्णालयाच्या टेलिफोन यंत्रणेत त्याची नोंद असणार होती. साक्षीदारही होती.

ही वही तिने युनियनला कधी दाखवलीच नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, 'त्यांनी मागितली नाही गं.'

जे तुम्ही युनियनच्या हातात दिलं नाही, त्याकडे युनियनने दुर्लक्ष केलं असं पुढे म्हणता येत नाही. एनएलआरबीचा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे तुम्ही त्यांना कधी दिलंत, आणि कसं?

फाइलमध्ये हे ठेवा: कारवाईचं पत्र, आधीच्या ताकिदी, गेल्या काही वर्षांची मूल्यमापनं, ड्यूटीचं वेळापत्रक, युनियनशी झालेला प्रत्येक ईमेल आणि मेसेज. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवा: 'आज दुपारी आपलं बोलणं झालं. तुम्ही म्हणालात की दुसऱ्या पायरीची बैठक 20 तारखेला आहे. माझं काही चुकीचं समजलं असेल तर कळवा.' उत्तर आलं नाही तरी चालेल. नोंद राहते.

खबरदारी, विशेषतः रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी: रुग्णाचं नाव किंवा नंबर दिसणाऱ्या पडद्याचा फोटो काढू नका, तसे कागद घरी आणू नका, ऑफिसचे ईमेल स्वतःच्या खात्यावर पाठवू नका. रुग्णाची माहिती बाहेर नेली एवढ्याच कारणावरून तुम्हाला काढता येतं, आणि त्या कारणाविरुद्ध लढणं फार अवघड जातं. कोणती नोंद कुठे आहे एवढंच लिहून ठेवा. ती मागवायचं काम युनियनचं.

चोरून रेकॉर्डिंगही नको. न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती कायद्याला पुरते, पण पेनसिल्व्हेनियात सगळ्यांची लागते. शिवाय कंपनीचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो.

टप्पा 5: युनियनला सगळं द्या, लेखी द्या

ग्रीव्हन्स नोंदवून घरी बसू नका. नोंदवल्यापासून दोन-तीन दिवसांत एक ईमेल पाठवा. पत्र इंग्रजीतच लिहावं लागेल, पण मजकुराचा क्रम असा ठेवा.

पहिल्या परिच्छेदात काय घडलं, पाच ओळींत. दुसऱ्यात साक्षीदारांची नावं आणि त्यातल्या प्रत्येकाला काय माहीत आहे. तिसऱ्यात कोणती माहिती व्यवस्थापनाकडून मागवावी. चौथ्यात करार कुठल्या कलमाखाली मोडला असं तुम्हाला वाटतं. शेवटी एक विनंती: निर्णय घेण्याआधी माझ्याशी बोला, आणि निर्णय लेखी कळवा.

तिसरा परिच्छेद सगळ्यात मोलाचा आहे आणि लोक तोच गाळतात. ग्रीव्हन्सशी संबंधित माहिती व्यवस्थापनाकडून मागण्याचा हक्क युनियनला आहे, आणि व्यवस्थापनाला ती द्यावी लागते. तुम्हाला एकट्याला तो हक्क नाही. म्हणून नेमकं सांगा: 16 जानेवारीच्या पहाटे साडेतीन ते साडेचारमधली प्रयोगशाळेच्या फोनची नोंद; त्या रात्री सिस्टिम बंद पडल्याचा आयटी विभागाचा अहवाल; गेल्या दोन वर्षांत याच कारणावरून इतर कोणावर काय कारवाई झाली. तोच गुन्हा दुसऱ्याने केला तेव्हा नुसती ताकीद आणि मला थेट बडतर्फी, हे दाखवता आलं तर लवादासमोर त्याला खूप वजन असतं.

डेलिगेट म्हणून एक सांगते. आमच्यापैकी बहुतेक जण आपापली ड्यूटी सांभाळून हे काम करतात. तीस पानांचा संतापाने लिहिलेला ईमेल आम्ही पूर्ण वाचतो, पण त्यातून तारीख, नाव, कागद शोधत बसावं लागतं. दोन पानांचं, तारखांनी लावलेलं पत्र आलं की आम्ही त्याच संध्याकाळी माहितीची मागणी पाठवू शकतो.

आणखी एक नेहमीची चूक: खासगी वकील केला, आता युनियनशी बोलायचं नाही. तक्रार लवादाकडे न्यायची की नाही हे बहुतेक करारांत युनियनच ठरवते, तुमचा वकील नाही. युनियनचे फोन उचलले नाहीत, बैठकीला गेला नाहीत, तर पुढे 'सभासदाने सहकार्य केलं नाही' हे युनियनचं उत्तर तयार असतं. आणि ते उत्तर टिकतं.

इथे थांबून तपासा: तुमच्याकडे आता ग्रीव्हन्सची सही-शिक्क्याची किंवा ईमेलने पोचलेली प्रत आहे का? पुढच्या पायरीची तारीख कॅलेंडरवर आहे का? त्या तारखेच्या चार दिवस आधी युनियनला आठवण पाठवायची नोंद केली आहे का?

टप्पा 6: युनियन 'नाही' म्हणते

पत्र आलं की पहिलं काम: पाकिटावरच्या शिक्क्यासकट ते जपून ठेवा आणि मिळाल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा. ईमेल असेल तर छापून घ्या. तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी वर सांगितल्यासारखा ईमेल पाठवा, कारण तोंडी नकार कळला तरी घड्याळ सुरू होतं. तुम्हाला निर्णय कळला, किंवा वाजवी लक्ष ठेवलं असतं तर कळला असता, त्या दिवसापासून मोजणी होते.

दुसरं काम: कारण विचारा. भांडू नका, विचारा. कोणते कागद पाहिले? कोणाशी बोललात? व्यवस्थापनाकडून काय माहिती आली? कोणत्या मुद्द्यावर केस कमकुवत वाटली? उत्तर नीट आलं तर ते शांतपणे वाचा. हे मी मनापासून सांगते: काही वेळा युनियनचं बरोबर असतं. लवादाच्या शुल्कात युनियनचा वाटा असतो, सहसा निम्मा, आणि तो सगळ्यांच्या वर्गणीतून जातो. प्रत्येक तक्रार तिथवर नेणं शक्य नसतं. कारण पटलं नाही, पण ते खरं आणि विचारपूर्वक दिलेलं आहे असं दिसलं, तर पुढचे महिने नव्या नोकरीच्या शोधात घालवणं शहाणपणाचं.

उत्तर आलंच नाही, किंवा आलेल्या उत्तरात तुमच्या वहीतल्या मुद्द्यांचा मागमूसही नसेल, तर पुढे जा.

तिसरं काम: युनियनच्या घटनेत अंतर्गत अपील आहे का ते पाहा. कार्यकारिणीसमोर किंवा सभासदांच्या सभेत ते करता येत असतं, आणि त्याची मुदतही छोटी असते. अपील जरूर करा. नवा पुरावा त्यात जोडा. यातून निर्णय बदललेले मी पाहिले आहेत.

खबरदारी: अंतर्गत अपील चालू आहे म्हणून एनएलआरबीची सहा महिन्यांची मुदत थांबते असं धरून चालू नका. पहिला नकार कळला तीच तारीख धरा आणि दोन्ही गोष्टी समांतर चालू ठेवा. माझी मैत्रीण नेमकी इथे चुकली.

टप्पा 7: कॅलेंडरवर सगळ्या मुदती एकत्र मांडा

नकार कळला त्या तारखेपासून पाच महिने मोजा आणि ती तारीख लाल पेनाने गोल करा. तुमच्यासाठी मुदत तीच. शेवटचा महिना अडचणींसाठी राखून ठेवा.

आता बाकीची घड्याळं. फेडरल न्यायालयात मालक आणि युनियन दोघांवर एकत्र दावा लावता येतो: मालकाने करार मोडला आणि युनियनने न्याय्य प्रतिनिधित्व केलं नाही. दोन्ही सिद्ध करावं लागतं. त्याची मुदतही सहा महिने, 1983 च्या डेलकोस्टेलो निकालापासून. एनएलआरबीकडे अर्ज दिला म्हणून न्यायालयाची मुदत थांबत नाही. नोकरी परत मिळवायची आणि बुडालेला पगार वसूल करायचा असेल, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. सहाव्या महिन्यात आलेलं प्रकरण घ्यायला वकील तयार होत नाहीत.

वंश, राष्ट्रीयत्व, धर्म, लिंग यांवरून भेदभाव झाल्याचा पुरावा असेल तर ईईओसी, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणारा केंद्रीय आयोग, हे तिसरं दार आहे. न्यू जर्सीत तिथे 300 दिवस मिळतात, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे 180. ही तक्रार युनियनविरुद्धही करता येते. पण 'सगळे अमेरिकन आणि मी एकटी भारतीय' एवढ्यावर ती उभी राहत नाही. तशाच प्रकरणात दुसऱ्याला वेगळी वागणूक दिली हे दाखवावं लागतं.

बेकारी भत्त्याचा अर्ज कामावरून काढल्याबरोबर करा, यातल्या कशाचीही वाट पाहू नका. मात्र त्या अर्जात लिहिलेली हकिगत आणि ग्रीव्हन्समधली हकिगत एकच असू द्या. दोन्ही कागद पुढे शेजारी-शेजारी ठेवले जातात.

टप्पा 8: एनएलआरबीकडे अर्ज

अर्जाला शुल्क नाही, वकील लागत नाही, घरबसल्या संगणकावरून करता येतो. उत्तर न्यू जर्सीचं कार्यालय नेवार्कमध्ये आहे. दक्षिणेकडच्या काउंट्या फिलाडेल्फियाच्या कार्यालयाकडे जातात. आधी फोन करून माहिती अधिकाऱ्याशी बोला. अर्ज कसा भरायचा ते ते समजावतात.

युनियनविरुद्धचा फॉर्म 508, मालकाविरुद्धचा 501. दोन्ही वेगळे आहेत. युनियनवर राग असला की माणसं फक्त 508 भरतात, मालकावर राग असला की फक्त 501. युनियनमध्ये सक्रिय होता म्हणून मालकाने काढलं असेल, तर 501 वेगळा द्यावाच लागेल, आणि त्याचे सहा महिने कामावरून काढल्याच्या दिवसापासून मोजले जातात. युनियनच्या नकारापासून नव्हे.

फॉर्मवर गोष्ट लिहू नका. दोन वाक्यं पुरतात: अमुक तारखेला या संघटनेने माझी अमुक तारखेची ग्रीव्हन्स मनमानीपणे, भेदभावाने किंवा अप्रामाणिक हेतूने पुढे नेण्यास नकार दिला. साक्षीदारांची नावं आणि पुरावे त्यासोबत जोडू नका, कारण त्या फॉर्मची प्रत समोरच्या पक्षाला जाते. पुरावा नंतर तपास अधिकाऱ्याला द्यायचा. युनियनला प्रत मुदतीच्या आत पोचवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. कार्यालयही पाठवतं, पण त्यावर विसंबू नका, स्वतःही पाठवा आणि पोच ठेवा.

मग जबाबाची तारीख मिळते. तीन-चार तास लागू शकतात. वही, फाइल, तारखांची एक पानी यादी सोबत न्या. इंग्रजीत अडत असाल तर दुभाषी हवा असं आधीच सांगा. लाजू नका, अर्धवट समजलेल्या प्रश्नाचं उत्तर जबाबात कायमचं राहतं. अधिकारी तुमचं बोलणं टाइप करतो आणि वाचायला देतो. प्रत्येक पान वाचा. 'त्यांनी मला कधीच फोन केला नाही' असं लिहिलं असेल आणि एकदा फोन आला होता असं आठवलं, तर तिथेच दुरुस्त करून घ्या. प्रत्येक पानावर आद्याक्षरं करा, शेवटी सही, आणि प्रत मागून घ्या.

इथे थांबून तपासा: जबाबात या तीन गोष्टी आल्या का? युनियनला कोणता पुरावा, कोणत्या तारखेला, कसा दिला. युनियनने त्यावर काय केलं किंवा केलं नाही. आणि ती लक्ष देत नव्हती, हे कशावरून दिसतं.

निर्णयाला सर्वसाधारणपणे 7 ते 14 आठवडे लागतात असं मंडळ सांगतं. जास्तही लागू शकतात. निम्म्याहून अधिक अर्ज मागे घेतले जातात किंवा फेटाळले जातात, हे आधीच माहीत असू द्या. अर्जात दम दिसला तर मंडळ तडजोड घडवतं किंवा युनियनविरुद्ध खटला चालवतं, आणि युनियनला ग्रीव्हन्स पुन्हा हाती घ्यायला लावू शकतं. बुडालेला पगार युनियनकडून मिळायचा असेल तर मूळ ग्रीव्हन्स जिंकण्यासारखी होती हे दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा तीच वही, तीच फोनची नोंद.

अर्ज फेटाळला जाणार असं दिसलं की अधिकारी फोन करून विचारतो: मागे घेता का? लगेच 'हो' म्हणू नका, कारण मागे घेतलेल्या अर्जावर अपील नाही. एक-दोन दिवस मागून घ्या. द्यायचा राहिलेला एखादा कागद असेल तर तेव्हाच द्या. फेटाळल्याचं पत्र आलं तर वॉशिंग्टनमधल्या जनरल काउन्सेलकडे, म्हणजे मंडळाच्या मुख्य वकिलाकडे, दोन आठवड्यांत अपील करता येतं. पत्रातच तारीख दिलेली असते. ते अपीलही फेटाळलं गेलं तर त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येत नाही, आणि तोवर फेडरल दाव्याचे सहा महिनेही बहुधा उलटून गेलेले असतात. वकिलाची भेट सातव्या टप्प्यात ठेवली आहे ती यासाठी.